श्वासाचं बोट

तिला सगळी गल्ली पावइंचबाई म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. तिला त्याचा राग येत नसे. एखादं गिऱ्हाईक "कंबर जरा कमीच धरा हो, मी बारीक होणार आहे" म्हणालं की ती गळ्यातला टेप काढत म्हणायची, "तुम्ही व्हाल तेव्हा व्हाल. मी आजची कंबर शिवते." आणि वहीत लिहायची ते पाव इंचापर्यंत खरं.

एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांचे कपडे शिवले. त्यातली पहिली चार एका कारखान्यात गेली. तिथे तिने फक्त कॉलरी शिवल्या. त्या कॉलरीला पुढे शर्ट लागतो हे तिला ऐकूनच ठाऊक. मग एका म्हाताऱ्या टेलरमास्तरांची नजर गेली, त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा त्यांचं काळं पायमशीन हिने आणलं आणि घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं. तेच दुकान. मागची खोली राहायची, मध्ये जाड पडदा. मशीनला मोटर बसव म्हणून कितीतरी जणांनी सांगून पाहिलं. "मोटर कापड पळवते," ती म्हणायची, "मला कापडाच्या मागे धावायची हौस नाही." पायडल मारून मारून तिच्या पोटऱ्या अशा टणक झाल्या होत्या की नवरा म्हणे, "हिने मला अजून लाथ मारलेली नाही, हे माझं नशीब." नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. घरोघर फिरून मीटर वाचायचा आणि घरी आला की फारसं काही वाचायचा नाही, बायकोचा चेहरासुद्धा नाही.

पावइंचबाई मत्सरी होती. हे झाकण्यात अर्थ नाही. माणसाचं चित्र काढायचं तर नाक आहे तसंच काढावं लागतं. शेजारच्या गल्लीत नवा टेलर आला तेव्हा तिने त्याच्याकडचा एक शर्ट मुद्दाम मागून आणला, उलटा केला, आतली शिलाई पाहिली आणि दोन दिवस जेवली नाही. शिलाई चांगली होती.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं. दीर लांबच्या मालगाड्या चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याची बायको घरात बसून काय करणार, म्हणून पावइंचबाईने तिला हाताखाली घेतलं. ती आपली धाकटी. ह्या घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. दुसरं मशीन घेतलं ते खिडकीपाशी ठेवायला जागा होती, तरी पावइंचबाईने ते आपल्या मागे, भिंतीला लावून ठेवलं. तिथे उजेड पोचायचा तो थोरल्या जाऊच्या पाठीला वळसा घालून. धाकटीच्या वाट्याला काज-बटण, हातशिलाई, उसवणं. कात्री आणि खिडकी थोरलीची.

पण शिकवलं मात्र नीट. पहिला धडा बोटाचा.

"माप घेताना टेपच्या खाली एक बोट घालायचं," पावइंचबाई म्हणाली होती. "माणूस म्हणजे पुतळा नव्हे. तो जेवतो, वाकतो, खुर्चीत पसरतो, श्वास घेतो. हे बोट त्याच्या श्वासाचं. आतल्या शिलाईला माया, म्हणजे जास्तीची कड, सोडतो ती वेगळी, ती कापडाची. बोट माणसाचं."

धाकटी बोट विसरली की लाकडी पट्टी त्याच बोटावर बसायची. सहा महिन्यांत ते बोट आपोआप टेपखाली जायला लागलं. पावइंचबाईचं तर इतक्या वर्षांपासून जात होतं की ते जातं हे तिला स्वतःला कळतही नसे.

तर अशी ही बाई. एका सकाळी वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढली, आणि स्टुलाचा एक पाय जो वर्षभर डुगडुगत होता, तो त्या दिवशी डुगडुगायचा थांबला आणि मोडला. गुडघ्याची वाटी तडकली. डॉक्टर म्हणाले, तुकडे हललेले नाहीत, कापाकापी नको. पण सहा आठवडे गुडघा वाकता कामा नये. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा लांब ब्रेस चढवला. पाय इस्त्रीच्या फळीसारखा सरळ झाला.

तिने एकच विचारलं, "मशीनवर कधी बसू?"

"ते फिजिओ सांगतील," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

मागच्या खोलीत पलंग पडद्याशी आणला. दोन दिवस दुकान बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला आणि पावइंचबाई उशीवरून अर्धी उठली. आवाज तिच्या मशीनचा होता. त्या मशीनला दर सात-आठ फेऱ्यांनी एक बारीक उचकी लागायची; जगात दुसऱ्या कुठल्या मशीनला ती लागत नव्हती.

"अगं ए!"

पडदा सरकला. धाकटीच्या गळ्यात टेप होता. तिचा स्वतःचाच होता, पण पावइंचबाईला तो आपलाच वाटला.

"कुठल्या मशीनवर बसलीस?"

"खिडकीतल्या, ताई. काळ्या कापडावर काळा धागा आहे, मागे दिसत नाही."

"अकरा वर्षं दिसत होतं ते?"

"अकरा वर्षं काळं कापड तुम्हीच शिवत होता," धाकटी म्हणाली आणि पडदा पडला. बोलणं खरं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं.

दुपारी तिने नवऱ्याला सांगून ट्रायलचा उभा आरसा थोडा फिरवून घेतला. "त्याच्यावर धूळ बसते," ती म्हणाली. आरसा फिरल्यावर पडद्याच्या फटीतून तिला त्यात खिडकी दिसायला लागली, आणि खिडकीपाशी धाकटीची पाठ. नवऱ्याने आरशाकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं, आणि चहा टाकायला गेला.

सहाव्या दिवशी फिजिओ आली. तिशीची, केस घट्ट बांधलेली, दाराशी बूट काढून थेट कामाला लागणारी. तिने पिशवीतून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना चार चिकट चौकोन.

"गुडघा बांधला की पोटरीला वाटतं, चला, सुट्टी लागली," ती म्हणाली. "दोन-तीन आठवड्यांत ती उतरायला लागते. हे यंत्र तिला सुट्टी देत नाही."

"शॉक देणार मला?"

"आधी मुंग्या येतील. मग पोटरी आपोआप आवळेल, सुटेल, परत आवळेल. सांगा, हृदयात पेसमेकर आहे? कधी फिट आली होती? पायात रक्ताची गुठळी, बधिरपणा?"

"काही नाही. घरात एक जाऊ आहे. ती चालते का?"

फिजिओ हसली. धाकटी दारात उभी होती, तीही हसली. आपल्याला हसणाऱ्यांत मोजायला नको म्हणून जरा उशिरा.

फिजिओने खालच्या पट्ट्या सोडल्या, पाय हलू न देता पोटरी पुसून कोरडी केली. दोन चौकोन गुडघ्याच्या लवणीखाली, पोटरी भरते तिथे, दोन खाली, पोटरी निमुळती होते तिथे. बटण दाबत दाबत आकडा वाढवला. अठरावर पोटरी एकदम गोळा झाली. पावइंचबाई आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली. पाय तिचा, आणि हलवणारी दुसरीच कुणी.

"एवढंच. दुखेल इतकं वाढवायचं नाही. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. चौकोन काढल्यावर कातडी बघायची; लाल राहिली तर थांबायचं, मला फोन. पोटरी गरम झाली, सुजली, दाबल्यावर दुखली, तर यंत्र लावायचंच नाही, सरळ दवाखान्यात. आणि पाऊल वरखाली तुम्ही स्वतः करायचं, तासातासाला. यंत्र मदतीला आहे. काम तुमचंच."

मग माप. वाटीखाली चार इंचांवर तिने दोन्ही पायांना पेनाने खूण केली. "टेप नुसता कातडीला टेकवायचा. ओढायचा नाही, सैल सोडायचा नाही. पण टेलरांच्या घरात मी काय शिकवणार! तुम्हीच घ्या, मी लिहिते." आणि ती मांडीवरच्या कागदात डोकं घालून बसली.

चांगल्या पायाचं माप पावइंचबाईने स्वतः घेतलं. पाय जवळ ओढला, टेप फिरवला, वाचला, आणि आकडा सवयीने उशाशी ठेवलेल्या आपल्या वहीतही लिहिला. "पावणेचौदा."

बांधलेल्या पायापर्यंत तिचा हात पोचेना. ते धाकटीने घेतलं. खाली वाकली, टेप टेकवला. जरा थांबली. थोरलीच्या चांगल्या पायाकडे एकदा बघितलं. "तेरा."

"तेरा? सहा दिवसांत पाऊण इंच?"

"जरा जास्त आहे," फिजिओ म्हणाली, "पण काहींचा एक पाय मुळातच बारीक असतो. दर रविवारी ह्या पायाचं माप मला कळवा. सहा आठवडे झाले की येते. हाड जुळलेलं असेल, आणि दोन्ही पोटऱ्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक नसेल, तर पायमशीन रोज दहा मिनिटं सुरू करू. फरक जास्त असेल तर अजून महिना-दीड महिना."

महिना-दीड महिना म्हटल्यावर पावइंचबाईने धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मत्सरी माणसाला काहीच नसलेलं सगळ्यात आधी दिसतं.

त्या दिवसापासून घरात दोन गोष्टी चालायला लागल्या. पडद्याअलीकडे पोटरी, पडद्यापलीकडे मशीन. पोटरी आवळायची, सुटायची. पलीकडे टाके पडायचे, थांबायचे, कात्रीचा आवाज यायचा. कात्री! पावइंचबाई आरशात मान ताणून बघायची. धाकटी कापताना ओठ आत घेते, हे तिला ह्या वयात कळलं. कापते मात्र सरळ. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिल्या रविवारी माप आलं पावणेतेरा. दुसऱ्या रविवारी पावणेतेराच. आणि त्याच आठवड्यात वकीलबाई आल्या. वकीलबाई म्हणजे पावइंचबाईचं सतरा वर्षांचं गिऱ्हाईक. कोर्टात घालायचे काळे कोट. एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली, ते गुपित फक्त दोघींना माहीत.

वकीलबाई आरशासमोर उभ्या राहिल्या. त्यामुळे खिडकी झाकली गेली आणि पावइंचबाईला फक्त कोट दिसायला लागला.

"अगं बाई," वकीलबाई म्हणाल्या, "ह्या वेळी खांदा काय बसलाय! आधी उजवीकडे बारीक चुणी यायची बघ. मी कधी बोलले नाही."

सतरा वर्षं बोलल्या नाहीत. पावइंचबाई पलंगावर आडवी, एक पाय सरळ, आणि त्या चुणीचं माप मनात घेत होती. वकीलबाईंनी पडदा सरकवून आत डोकावलं, "लवकर बऱ्या व्हा हं!" म्हणाल्या. आणि जाता जाता, "पण घाई नका करू."

त्या दुपारी तिने यंत्र तिसऱ्यांदा लावलं. संध्याकाळी चौथ्यांदा. आकडा अठरावरून चोवीसवर नेला. पोटरी अशी गोळा व्हायची की दातावर दात बसायचे, पण तिला वाटायचं, बसू दे, भरू दे. पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे, खिडकी तेवढ्यावरच अडली होती.

तिसऱ्या रविवारी साडेबारा.

"तू टेप ओढतेस," पावइंचबाई म्हणाली.

"नाही ओढत, ताई."

"मग पोटरी जाते कुठे? मी ह्या यंत्राखाली मरते आहे, आणि तुझ्या टेपमध्ये ती बारीकच होते?"

"फिजिओबाईंनी दिवसातून दोनदा सांगितलंय. तुम्ही किती वेळा लावता?"

"माझ्या पोटरीची काळजी तू करू नकोस. माझ्या मशीनची कर."

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटणंही पावइंचबाईने टिपलं आणि मनातल्या यादीत घातलं. मग नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तुम्ही माप घ्या. बाहेरचा माणूस पाहिजे."

नवरा इतकी वर्षं बाहेरचा माणूस व्हायची वाट बघत असल्यासारखा पटकन आला. टेप उलटा धरला, सुलटा केला, पोटरीभोवती फिरवला. "तेहतीस."

"तेहतीस काय?"

"सेंटीमीटर असावेत."

"आणि खूण कुठाय? तुम्ही खुणेवर धरलंच नाही!"

"खूण? मी आपला जाड भाग बघितला."

"आयुष्यभर मीटर वाचताय, एक पोटरी वाचता येईना?"

"मीटर भिंतीला असतो," नवरा म्हणाला. "तो ओरडत नाही."

पुढच्या मंगळवारी यंत्र नाहीसं झालं. सकाळी उशाशी नाही, टेबलावर नाही. ते दुपारी सापडलं, दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत, अस्तराच्या तुकड्यांखाली. सापडलं म्हणजे धाकटीनेच आणून दिलं, संध्याकाळ व्हायच्या आत. "कातडी लाल झालीय, ताई. एक दिवस राहू द्या."

"तू लपवलंस!"

"हो."

ते सरळ 'हो'सुद्धा पावइंचबाईने यादीत घातलं. तिला आता सगळं लख्ख दिसायला लागलं. टेप ओढायचा, यंत्र लपवायचं, वकीलबाईंना पटवायचं. एका पोटरीवरून माणूस काय काय रचू शकतं! तिने चौकोन चिकटवले, लाल कातडीवरच, आणि आकडा सव्वीसवर नेला.

आणि दुसऱ्याच दिवशी मशीनचा आवाज बदलला. उचकी गेली. पलीकडून एकसारखं गुरगुरणं यायला लागलं. पावइंचबाई कुबड्या घेऊन उठली, सरळ पाय पुढे टाकत पडद्यापर्यंत गेली, आणि पडदा बाजूला केला. तिच्या काळ्या मशीनच्या कमरेला एक मोटर बसवलेली होती. पायडलची चामड्याची वादी काढून खिळ्याला टांगलेली.

"हे काय केलंस?"

"कामं साठली होती. भावोजींनीच बसवून दिली."

नवरा कोपऱ्यात पेचकस हातात धरून उभा होता. पेचकस त्याने पाठीमागे नेला, जणू त्यामुळे मोटर दिसेनाशी होणार होती.

"बरं," पावइंचबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे दोघंही घाबरली. "मशीनला वीज, माझ्या पायाला वीज. मग माझी गरज कुणाला आहे?"

  ती परत जाऊन पडली. भिंतीकडे तोंड केलं, आणि आरसा असूनही पाहिलं नाही. त्या मशीनला आता पोटरी लागतच नव्हती. ज्याच्यासाठी ती पाव पाव इंच राखत होती, ते आता नुसतं बटण दाबून चाललं होतं.

पण यंत्र तिने सोडलं नाही. हट्टी बाईचं हे असंच असतं. कारण गेलं तरी हट्ट उरतो.

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, हाड जुळलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी फिजिओ आली. ब्रेस काढला, गुडघा सावकाश पाहिला, आणि पोटरी पाहताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चार लाल चौकोन, कडा गडद.

"किती वेळा लावत होता?"

"सांगितलं तसं."

"मावशी."

"... चारदा. कधी पाचदा."

"आकडा?"

"सव्वीस."

"यंत्र पोटरी राखायला दिलं होतं, कुणाचा सूड घ्यायला नाही. जास्त लावून पोटरी जास्त होत नाही, नुसती थकते. ह्या जागा बऱ्या होईपर्यंत यंत्र बंद." मग तिने पिशवीतून स्वतःचा टेप काढला. धाकटी पडद्याशी उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"बांधलेला पाय," फिजिओने वाचलं, "साडेबारा."

पावइंचबाईने डोळे मिटले. साडेबारा! म्हणजे धाकटीचा टेप खोटा नव्हता. पावणेचौदा वजा साडेबारा, सव्वा इंच. संपलं. महिना-दीड महिना, आणि मग कदाचित कधीच नाही.

"चांगला पाय," फिजिओ म्हणाली. "तेरा."

"पावणेचौदा," पावइंचबाई डोळे न उघडता म्हणाली.

"तेरा आहे."

"तुम्ही ओढताय. पावणेचौदा आहे. एकतीस वर्षं मापं घेते मी, माझं माप चुकत नाही. आणा इकडे." तिने टेप हिसकावला, पाय जवळ ओढला, टेप पोटरीभोवती फिरवला, आणि विजयाने वाचलं, "बघा! पावणेचौदा!"

 फिजिओ तिच्या हाताकडे बघत होती. धाकटीही. शेवटी पावइंचबाईनेही खाली पाहिलं.

टेपच्या खाली, पोटरी आणि टेप ह्यांच्यामध्ये, तिचं बोट होतं. आरामात बसलं होतं. तिच्या पोटरीला श्वास घ्यायला जागा करून दिली होती त्याने.

तिने बोट काढलं. टेप सैल पडला. परत टेकवला. तेरा.

"अर्ध्या इंचाचा फरक," फिजिओ म्हणाली, हसू दाबत. "सहा आठवड्यांनी इतका म्हणजे उत्तम. पोटरीला न छळता यंत्र लावलं असतं, तरी एवढाच झाला असता. पुढच्या आठवड्यापासून गुडघा जेवढा वाकेल तेवढाच, पायमशीन, दहा मिनिटं. घड्याळ लावून." तिने मलम लिहून दिलं, व्यायाम दाखवले, बूट घातले आणि गेली. दाराबाहेर तिचं हसणं मोकळं झालेलं ऐकू आलं.

खोलीत दोघी उरल्या.

"तुला माहीत होतं," पावइंचबाई म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही टेप फिरवलात आणि बोट आत गेलं. मला दुसरं काही दिसतच नाही, ताई. ह्या बोटावर तुमच्या पट्ट्या खाल्ल्यात मी."

"आणि बोलली नाहीस!"

"आधी भीती वाटली. तुमचं माप चुकलं म्हणायची छाती कुणाची? म्हटलं, फिजिओबाईंच्या लक्षात येईल."

"आणि मग?"

धाकटीने पदराचं टोक सोडलं. "मग मला खिडकी आवडली."

पावइंचबाईची नजर पडद्यापलीकडच्या खिडकीकडे गेली.

"तिथे सुईत धागा एका झटक्यात जातो," धाकटी म्हणाली. आता बोलणं सुटलं होतं, थांबत नव्हतं. "अकरा वर्षं मी अंदाजाने धागा ओवलाय. काळ्यावर काळा मला मिळाला नाही कधी. वाटलं, अजून एक आठवडा. मग अजून एक. तुम्ही पोटरी जाळायला लागलात तेव्हा दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा यंत्रच लपवलं. पण बोटाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच शांत झाला असता, आणि दिवस मोजायला लागला असता."

पावइंचबाईला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं. तिला बरं वाटलं. सहा आठवडे ती आरशात जिला शोधत होती, ती खरोखर होती. टेप ओढणारी नव्हती, पण खिडकीवर डोळा ठेवणारी होती. म्हणजे ही अकरा वर्षं एकट्या तिच्याच पोटात जळत नव्हतं.

"चोर कुठली," ती म्हणाली.

"तुम्ही शिकवलंत तेवढीच."

"चुणीचं काय केलंस? वकीलबाईंच्या?"

"खालच्या खांद्याला आत पातळ गादी घातली. पाव इंच."

पाव इंच! पावइंचबाईने तोंड फिरवलं. पाव इंच तिला सुचलं नव्हतं, सतरा वर्षं.

मग तिने वही मागितली. शेवटच्या पानावर पहिल्या दिवशीचं माप होतं, तिच्याच हातचं, ठसठशीत पावणेचौदा. तिने त्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तेरा लिहिलं. त्या वहीत, आणि आधीच्या चौदा वह्यांत, तिच्या मापावर कधी रेघ पडली नव्हती. धाकटीने ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

रविवारी नवऱ्याला पेचकस परत काढायला लावला. मोटर काळ्या मशीनवरून उतरली आणि धाकटीच्या मशीनला लागली. वादी खिळ्यावरून खाली आली. नवरा काळं मशीन जागेवर सरकवायला गेला तेव्हा पावइंचबाई म्हणाली, "थांबा. ते आडवं लावा. आणि हिचं ओढून आणा समोर."

"दोन्ही खिडकीत?" नवरा म्हणाला. "इतकी वर्षं जागा नाही म्हणत होतीस."

"माप चुकलं होतं," ती म्हणाली.

आता दोन्ही मशिनं खिडकीखाली समोरासमोर लागली. उजेड दोघींना बाजूने मिळायला लागला, अर्धा अर्धा. ह्यात पावइंचबाईचं मन मोठं झालं असं कुणी समजू नये. मागे बसलेल्या धाकटीला बघायला आरसा फिरवावा लागायचा. आता मान वर केली की पुरे. ती सारखी मान वर करायची. धाकटीही करायची. पावइंचबाई घड्याळ लावून दहा मिनिटं पायडल मारायची. पोटरी थरथरायची, गुडघा कुरकुरायचा, मशीनला उचकी लागायची. समोरून मोटर गुरगुरत पुढे निघून जायची. घड्याळ वाजलं की धाकटी न बघता म्हणायची, "ताई, झाली दहा मिनिटं."

"मला ऐकू येतं."

"म्हणून सांगितलं. ऐकू येऊनही तुम्ही थांबत नाही."

पंधरा दिवसांनी वकीलबाई आल्या, नव्या कोटासाठी. पावइंचबाईला अजून फार वेळ उभं राहता येत नव्हतं. तिने गळ्यातला टेप चाचपला. तिथेच ठेवला.

"घे माप," ती धाकटीला म्हणाली. "मी लिहिते. बोट विसरू नकोस."

"विसरू देता का तुम्ही?"

वकीलबाई मध्ये उभ्या राहिल्या, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत, आणि त्यांनी शहाण्यासारखं तोंड बंद ठेवलं. वकील होत्या शेवटी.

धाकटीने खांद्यावर टेप धरला. "सोळा."

"सव्वासोळा," पावइंचबाई वहीतून मान वर न करता म्हणाली. सतरा वर्षं तिने तो खांदा सव्वासोळा लिहिला होता.

धाकटीने परत टेप लावला. सावकाश, दोन्ही टोकं दाखवत. पावइंचबाईने मान वर केली. वकीलबाईंनी श्वास रोखला होता.

सोळाच होता.

पावइंचबाईने सोळा लिहिलं, आणि इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"पेन्सिल दे," ती म्हणाली. "आणि पुढचं सांग. छाती."